सेतुअक्काची बेरीज

सेतुअक्का गेल्याचं कळलं तेव्हा मी एका बैठकीत होते. फोन टेबलावर उलटा ठेवला होता, तो थरथरला म्हणून पाहिलं. प्रयोगशाळेच्या जुन्या लोकांचा एक गट आहे, त्यावर सेल्वराजने लिहिलं होतं, ‘आपल्या सेतु मॅडम आज पहाटे तंजावरला वारल्या.’ त्याच्या वर कुणीतरी नातवाच्या बारशाचा फोटो टाकला होता. मी फोन पुन्हा उलटा ठेवला. बैठक आणखी चाळीस मिनिटं चालली. एका प्रश्नाला मी उत्तरही दिलं आणि ते बरोबर होतं. मग जागेवर येऊन डबा उघडला आणि जेवले.

रडू येईल म्हणून दोन दिवस वाट पाहिली. आलं नाही. म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

मी नांदेडची. चेन्नईत नोकरी लागली तेव्हा सव्वीस वर्षांची होते. तांबरमच्या पुढे आमची प्रयोगशाळा होती. तिथे मोठ्या शक्तीच्या मायक्रोवेव्ह लहरी तयार करणाऱ्या नळ्या बनवायचे. घरातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये या जातीची एक लहानशी नळी असते. आमची माणसाएवढी उंच, तांब्याची. आतली सगळी हवा काढून घेतलेली. एका टोकाला तापलेला कॅथोड, त्यातून इलेक्ट्रॉन सुटायचे, प्रचंड दाबाच्या विजेने ते पुढे ढकलायचे आणि वाटेत त्यांच्याकडून जमेल तेवढी ऊर्जा लहरींच्या रूपात काढून घ्यायची. उरलेले इलेक्ट्रॉन दुसऱ्या टोकाच्या तांब्याच्या भांड्यावर जाऊन आदळायचे आणि ते भांडं तापायचं. त्याला कलेक्टर म्हणतात. तो वितळू नये म्हणून त्याच्याभोवती सतत पाणी फिरवावं लागतं. शंभर भाग वीज घातली तर लहरी किती भाग मिळाल्या आणि किती भाग त्या पाण्यात गेले, हा आमचा एकमेव प्रश्न. तेव्हा आम्हाला शंभरातले पंचेचाळीस मिळत होते. साठ हवे होते.

पहिल्या दिवशी मला चाचणीच्या खोलीत नेलं. आत पंचावन्नच्या आसपासची एक बाई होती. सुती नऊवारी नव्हे, साधी सहावारीच, पण पदर कमरेला घट्ट खोचलेला, कपाळावर विभूतीची बारीक रेघ आणि पायाखाली रबरी चटई. कलेक्टरमधून बाहेर येणाऱ्या पाण्याच्या पाइपवर तिने उघडा तळहात ठेवला होता. डोळे मिटलेले.

“चव्वेचाळीस,” ती म्हणाली.

शेजारी सेल्वराज उभा होता. आमचा सर्वांत जुना तंत्रज्ञ. त्याने पाण्याच्या तापमानाचा मीटर वाचला. चव्वेचाळीस पूर्णांक तीन.

मग तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. नाव ऐकून मराठीत विचारलं, “कोण गे तूं? पुण्याची कीं?”

“नाही, नांदेडची.”

“तें कोठें आलें, मज ठाऊक नाहीं. जेवलीस?”

शाळेत बखरीतला उतारा असायचा, तशी ती बोलत होती. तिचे पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी तंजावरला आले ते तिथलेच झाले. बरोबर आणलेली मराठी त्यांनी तशीच ठेवली आणि लागेल तिथे तमिळ घातली. हजेरीपुस्तकात तिचं नाव सेतुबाई राव. बाकी सगळे मॅडम म्हणत, सेल्वराज अम्मा म्हणे. मी पहिल्या आठवड्यात एकदा ‘काकू’ म्हटलं तर तिने मान हलवली. “अक्का म्हण. काकू म्हणजे काय तें कळेना मज.”

तिच्या सवयी सांगायच्या तर आधी झोपेची सांगते. दुपारी एकच्या सुमारास, डबा झाल्यावर, ती निर्वात पंपाच्या शेजारी लाकडी स्टुलावर ताठ बसून पंधरा मिनिटं झोपायची. पंपाचा आवाज एवढा, की तिथे बोललेलं ऐकू येत नसे. एकदा ती मधेच जागी झाली आणि म्हणाली, “पंप दुसरें बोलतो आहे.” आम्हाला काहीच वेगळं ऐकू येत नव्हतं. मीटरही जागच्या जागी होता. तिने सेल्वराजला सगळे जोड एकेक करून तपासायला लावले. अकराव्या जोडावर केसाएवढी भेग निघाली. संध्याकाळपर्यंत ती नळी गेली असती. शाबासकी द्यायला लोक आले तेव्हा ती उरलेली पाच मिनिटं झोपायला परत स्टुलावर बसली होती.

कागद तिला पुरत नसे. भिंतीवर रोज एक पान फाडायचं तमिळ कॅलेंडर असतं, त्याची फाडलेली पानं ती साठवायची. समोर राहुकाळ, यमगंड अशा अशुभ वेळा, मागे तिची गणितं. इलेक्ट्रॉनांचे घोळके कुठे दाट होतात, कुठे विरळ, नळीतल्या ज्या पोकळ्यांत लहरी तयार होतात त्यांच्यातलं अंतर किती मिलिमीटर कमी करावं, सगळं त्या तळहाताएवढ्या पानांवर पेन्सिलीने. संगणकावर आम्ही तेच तीन दिवस चालवायचो. उत्तर बहुतेक वेळा जुळायचं. न जुळलं तर ती संगणकावर रागवायची नाही, पान उलटून पुन्हा सुरुवात करायची.

‘साधारण’ हा शब्द तिला चालत नसे. मी एकदा म्हणाले, “अक्का, साधारण सत्तेचाळीस आलंय.” ती म्हणाली, “साधारण म्हणजे तूं पाहिलें नाहींस.” तेवढंच. आवाज चढवायची नाही. पुन्हा मी तो शब्द वापरला नाही. आजही वापरताना अडखळते.

अण्णा नगरात जुन्या वसाहतीत ती आईबरोबर राहायची. लग्न केलं नव्हतं, का केलं नाही ते कधी निघालं नाही. माझ्या दुसऱ्या वर्षी तिची आई गेली. त्या वेळी एक नवी नळी भट्टीत होती. आतल्या धातूत मुरलेली हवा निघून जावी म्हणून नळी दहाबारा दिवस अखंड तापवावी लागते, मधे थांबवली तर सगळं वाया जातं. आई गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी अक्का दारात उभी.

“अक्का, तुम्ही कशाला आलात?”

“काल अस्थी नेल्या. भाऊ आहे, तो करील अवघें. आज भट्टीचा सहावा दिवस.”

ती आत आली नाही. खोलीच्या उंबरठ्याबाहेर खुर्ची घेऊन बसली. “सुतक आहे मज. मी शिवणार नाहीं.” तिथून ती सेल्वराजला सांगायची आणि तो हात चालवायचा. उरलेले दिवस अशीच आली. मी एकदा म्हणाले, “नळीला कसलं सुतक, अक्का?” ती म्हणाली, “नळीस नाहीं. मज आहे.” एका दुपारी नेहमीची झोप न घेता खुर्चीतच बसून राहिली, एवढंच मला दिसलं.

त्या नळीवरच पुढचं सगळं घडलं.

नळी तयार झाली. अक्काने पोकळ्यांची अंतरं बदलली होती आणि आम्हा सगळ्यांना आशा होती. पहिल्याच आठवड्यात लहरींच्या मीटरने साठ दाखवले. आमचे प्रमुख खोलीत येऊन आकडा बघून गेले आणि पेढे मागवले. अक्का पाइपवर हात ठेवून उभी होती. तिने पेढा घेतला, पण खाल्ला नाही.

“पाणी फार ऊन आहे,” ती मला म्हणाली.

पाण्याच्या हिशोबाने कलेक्टरमध्ये सत्तेचाळीस भाग जात होते. साठ आणि सत्तेचाळीस, एकशे सात.

“शंभर घातले आणि एकशें सात निघाले. वरचे सात कोणी दिले?” तिने विचारलं.

प्रमुख म्हणाले, पाण्याचा मीटर जुना आहे. अक्काने मीटर बदलला. तेवढंच आलं. मग तिने वीस लिटरची बादली मागवली. मी हातात घड्याळ धरलं, तिने पाइप बादलीत सोडला, सेल्वराज ‘भरली’ म्हणून ओरडला. आम्ही असं बारा वेळा केलं. पाय भिजले, चटई भिजली. पाणी खरं बोलत होतं. चूक लहरी मोजणाऱ्या बाजूला होती. तिथला एक भाग पुन्हा प्रमाणित करून आणायला दोन महिने लागणार होते. प्रकल्प तपासणारी वरची समिती नऊ दिवसांनी येणार होती.

चाचणी अधिकारी म्हणून अहवालावर अक्काची सही लागत होती. प्रमुखांनी तिला बोलावलं, मीही होते. ते इंग्रजीत बोलत होते, ती तमिळमध्ये.

“मॅडम, साठ दिसतात ना मीटरवर? आपण तेवढंच लिहितोय, दिसलं ते.”

“शंभरातून सत्तेचाळीस गेले. त्रेपन्न लिहा. मी आत्ता सही करते.”

“त्रेपन्नला हा प्रकल्प बंद होईल.”

“मग त्रेपन्नला बंद होऊ दे.”

दुसऱ्या दिवशी तिची बदली सुरक्षा विभागात झाली. आग विझवायची नळकांडी, हेल्मेट आणि सूचनाफलक. चाचणी अधिकारी म्हणून माझं नाव आलं.

मी सही केली.

भीती वाटली म्हणून केली असं सांगणं सोयीचं आहे. माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती, हेही खरं आहे. पण मला त्या दिवसाचं आठवतं ते वेगळंच. मला काहीच वाटलं नाही. पेन चाललं. मग मी कँटीनला गेले, इडली संपली होती, डोसा घेतला. अक्का कोपऱ्यातल्या टेबलावर बसली होती. तिने सरकून मला जागा दिली आणि डब्यातली चटणीपुडी माझ्या पानावर घातली. तिला माहीत होतं की नाही, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

समितीने साठचा आकडा मान्य केला. शहराबाहेरच्या एका केंद्रात शस्त्रक्रियेचे हातमोजे आणि सिरिंज निर्जंतुक करणारं यंत्र उभं राहत होतं, तिथे आमची नळी चाचणीसाठी बसवायची ठरली. केंद्राने पाणी थंड करायची व्यवस्था आमच्या आकड्यावरून केली. शंभरातले चाळीस भाग पाण्यात जातील, असं धरून. जाणार होते सत्तेचाळीस.

हिवाळ्यात चाललं. मार्चमध्ये चाललं. मे महिन्यात एका दुपारी कलेक्टरमधलं पाणी उकळलं आणि रबरी नळीचा जोड सुटला. त्या दिवशी आमच्याकडून सेल्वराज तिथे होता. वाफ त्याच्या उजव्या हातावर आणि मानेवर आली.

एग्मोरजवळच्या इस्पितळात तो पाच आठवडे होता. मी तीनदा गेले. पहिल्यांदा गेले तेव्हा बँडेजमधून फक्त बोटांची टोकं दिसत होती. त्याची बायको बाहेर बाकावर बसली होती. ती मला म्हणाली, “तुम्ही लांबून आलात, चहा घ्या.” मी चहा घेतला.

अक्का रोज जायची. तांबरमहून लोकल पकडून एग्मोरला उतरायची, भेटीची वेळ संपेपर्यंत बसायची, मग अण्णा नगरला घरी. डब्यात भात आणि आंबटी. तमिळ लोक सांबार म्हणतात तसलंच, ती आंबटी म्हणायची. ती सेल्वराजला भरवायची. तो आधी लाजायचा.

“अम्मा, बायको आहे ना.”

“तिलाही हात दोनच. पोदुम्, पुरे आता, तोंड उघड.”

मी वाट पाहत होते, की ती मला काहीतरी बोलेल. इस्पितळाच्या जिन्यात, लोकलमध्ये, कँटीनमध्ये. ती बोलली नाही. शेवटी चौकशी समिती बसली.

त्या खोलीत सात जण होते. आधी प्रमुख बोलले, जुन्या मीटरबद्दल, घाईबद्दल. मग मी. मी म्हणाले, वरिष्ठांच्या सूचनेनुसार. हे शब्द मी घरून पाठ करून गेले होते. मग अक्काला बोलावलं. खरं तर तिची बाजू स्वच्छ होती. बादलीची बाराच्या बारा मोजमापं तिने तारखेसकट ठेवली होती, कॅलेंडरच्या पानांवर. ती पानं तिने टेबलावर मांडली. सगळ्यांना वाटलं, आता ती म्हणणार, मी सांगितलं होतं.

ती तमिळमध्ये म्हणाली, “मी सही केली नाही, हे खरं आहे. पण तेव्हा मी सुरक्षा विभागात होते. कुठल्याही यंत्रावर लाल पट्टी लावून ते थांबवायचा अधिकार त्या विभागाला आहे. मला आकडा माहीत होता. पट्टी माझ्या कपाटात होती. मी लावली नाही.”

अध्यक्षांनी विचारलं, “का?”

“राग आला होता. बदलीचा. त्यांचं त्यांना कळू दे, असं वाटलं.” मग ती म्हणाली, “हे लिहून घ्या. मी लिहूनच आणलं आहे.” आणि तिने सही केलेला कागद पुढे केला.

ती चष्मा पुसत होती. मला त्या क्षणी उठून काही म्हणायला हवं होतं. मी टेबलावरच्या पाण्याच्या बाटल्या मोजत राहिले. सात माणसं, आठ बाटल्या.

प्रमुखांना लवकर निवृत्ती घ्यावी लागली. मला एक समज दिल्याचं पत्र मिळालं, ते फाइलमध्ये आहे. अक्काच्या दोन वेतनवाढी रोखल्या आणि तिच्याच विनंतीवरून तिला परत चाचणीच्या खोलीत पाठवलं. तिची नोकरीची दोन वर्षं उरली होती.

त्या दोन वर्षांत तिने कलेक्टर नव्याने केला. आधी इलेक्ट्रॉन पूर्ण वेगाने तांब्यावर आदळायचे. तिने कलेक्टरचे चार टप्पे केले आणि प्रत्येक टप्प्याला वेगळा विद्युतदाब दिला, म्हणजे आदळण्याआधीच त्यांचा वेग कमी होईल आणि त्यांच्यात उरलेली ऊर्जा पाण्यात न जाता विजेच्या रूपात परत मिळेल. कल्पना जगात जुनी आहे. आमच्या नळीत ती बसवणं हे कष्टाचं काम होतं. सेल्वराज परतला होता. उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती, तो नोंदी डाव्या हाताने करायला शिकला. अक्षर मोठं आणि तिरकं यायचं. अक्का ते न बोलता वाचायची. लहरी मोजणारा भाग या वेळी आधीच प्रमाणित करून आणला होता. बादलीही आणली होती.

शेवटी अठ्ठावन्न आले. साठ नाहीत. परत मिळालेली वीज आणि पाण्यात गेलेली उष्णता धरून सगळी बेरीज नव्याण्णव. अक्काने तीनदा मोजायला लावलं. मग पाइपवरून हात काढला आणि पदराला पुसला.

“बरें,” ती म्हणाली.

सेल्वराज रडला. डाव्या हाताने डोळे पुसत होता. मी त्याच्याकडे पाहिलं, अक्काकडे पाहिलं आणि वहीत आकडा लिहिला.

निवृत्तीनंतर ती तंजावरला भावाकडे राहायला गेली. सकाळची गाडी होती, एग्मोरहून. मी सुट्टी घेऊन गेले. सेल्वराज आदल्या दिवशीच भेटून आला होता. अक्काजवळ एक पत्र्याची ट्रंक, एक पिशवी आणि कढीपत्त्याचं रोप लावलेला डबा. रोप हमालाच्या हातात द्यायला ती तयार नव्हती, म्हणून ते माझ्याकडे आलं. आम्ही फलाटावर डब्याच्या दाराशी उभ्या होतो. चार वर्षं मी जे बोलले नव्हते ते तिथे बोलले.

“अक्का, त्या अहवालावर सही मी केली होती.”

ती तिकिटावरचा आसनक्रमांक पाहत होती. “ठाऊक आहे. अहवाल सुरक्षा विभागांत येतो, प्रत माझ्याकडेच आली होती.”

“तुम्ही कधी काही म्हणाला नाहीत.”

“काय म्हणूं? तुझी सही पाहिली आणि मी कपाट लावून घरीं गेलें.” तिने माझ्या हातातून रोप घेतलं. “सेल्वराजाच्या घरीं जात जा. मज लांब पडेल आतां. त्याच्या बायकोस एकटें वाटतें.”

“जाईन.”

“जाईन म्हणूं नको. वार सांग.”

“शनिवार,” मी म्हणाले.

“सेरि.” ती डब्यात चढली.

मी खिडकीशी गेले. आत उकाडा होता, डबा भरलेला, लोक वह्यांनी वारा घेत होते. तिच्या आसनावरचा पंखा बंद होता. बटण दाबलं तरी आतून नुसती गुणगुण येत होती, पाती हलत नव्हती. शेजारची बाई म्हणाली, हा असाच असतो. अक्काने रोप त्या बाईच्या मांडीवर ठेवलं, चपला काढल्या, पदर खोचला आणि आसनावर चढून उभी राहिली. पिशवीतून कंगवा काढला. जाळीतून तो आत घालून ती पातं ढकलू लागली. एकदा. दोनदा. गाडी हलली. मी हात वर केला. ती माझ्याकडे पाहत नव्हती. एका हाताने वरच्या फळीची साखळी धरून, टाचा उचलून, साठ वर्षांची ती बाई पंख्याचं पातं ढकलत होती आणि डब्यातले सगळे माना वर करून तिच्याकडे पाहत होते. खिडकी पुढे सरकली, तेव्हा पातं फिरायला लागलेलं मला दिसलं. तिची पाठ दिसली आणि वाऱ्याने उडालेले पांढरे केस. मग पुढचा डबा आला.